संदुकीतील माया



आपला जिल्हा कापसाचा. १८७० साली खामगावास आगगाडी आली ती कापसासाठीच. तेव्हा वस्त्राचे मोल आपणांस निराळे सांगावयास नको. आमच्या कैलासवासी मातोश्रींनी शिवलेल्या कुंच्या, दुपटी, विणलेले स्वेटर आणि त्यांची लुगडी आम्ही वर्षानुवर्षे संदुकीत कोंबून ठेविली. यंदा उघडून पाहतो तो स्वेटरांना कसर लागलेली! जपतो म्हणता म्हणता आम्हीच ते गमाविले होते. मग एक कुंची स्मरणार्थ ठेविली, धड कपडे धुऊन गरजू घरी दिले आणि जीर्ण लुगड्यांची गोधडी शिवविली. आज तिच्याखाली नातवंडे निजतात. मातोश्रींनी ते सारे कोणाच्या तरी अंगास ऊब मिळावी म्हणूनच केले होते. दिवाळीच्या आवराआवरीत आपणही संदुका उघडाव्यात, ही नम्र विनंती.