पाठीवर बोचकी, समोर समुद्र



या व्यासपीठावर दरवर्षी विद्वान मंडळी बोलतात. मी सातवी पास झालेला माणूस. यंत्रमागावर उभा राहिलो, पुढे युनियनच्या कामात पडलो, आणि वाचले म्हणाल तर नगरवाचनालयाच्या बाकावर बसून जेवढे झाले तेवढे. चिटणिसांनी विषय विचारला तेव्हा मी सवयीने ‘किमान वेतन’ म्हणालो. ते म्हणाले, “ते तुम्ही गेटवर रोज सांगता. तुम्ही उभयता अंदमानला जाऊन आलात, ते सांगा.” तेव्हा आज तेच सांगणार आहे, पण जित्याची खोड, वेतन मधूनमधून येईलच.

प्रवासाचा पैसा माझा नव्हता, हे आधीच कबूल करतो. आमच्या सौभाग्यवतींनी तीस वर्षे बिड्या वळल्या. फंडाचे पैसे हाती आले तेव्हा त्या म्हणाल्या, “मला समुद्र बघायचाय. निवांत. मोर्च्याला मुंबईला गेले होते तेव्हा बघितला तसा नव्हे.” पोरीच्या कॉलेजातल्या दोन सॅक घेतल्या, एकेक पाठीला लावली आणि निघालो. पोर्ट ब्लेअरला, म्हणजे २०२४ पासूनच्या श्रीविजयपुरमला, सेल्युलर जेल पाहिला. महाराष्ट्रातून जाणारा माणूस सावरकरांच्या कोठडीपाशी थांबतोच, आम्हीही थांबलो. पण आज सांगायचे आहे ते पुढच्या बेटाचे.

त्या बेटाचे जुने नाव हॅवलॉक. हा हॅवलॉक म्हणजे १८५७ मध्ये कानपूर-लखनौकडे आपल्या लोकांशी लढलेला इंग्रज सेनापती. ३० डिसेंबर २०१८ रोजी ते नाव जाऊन स्वराजद्वीप झाले. बोटीवरची माणसे मात्र अजून हॅवलॉकच म्हणतात. सरकारी बोटीने अडीच तास लागतात. खाजगी बोटी लवकर पोचवतात, पण भाडे ऐकून आमच्या सौ. म्हणाल्या, “आपल्याला कुठं हजेरी लावायचीय?” बेटावर गावांना नावे आहेत, तरी बोलण्यात आकडेच चालतात. तीन नंबर म्हणजे गोविंदनगर, पाच नंबर विजयनगर, सात नंबर राधानगर. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांना येथे वसवले तेव्हापासूनचे हे आकडे. बंगाली बोली, तळ्यातली मासळी, सुपारीच्या बागा. समुद्र दिसला नाही तर माणसाला वाटावे, आपण बंगालच्या खेड्यातच आहोत.

सात नंबरचा किनारा ‘टाइम’ मासिकाने २००४ मध्ये आशियातला सर्वोत्तम ठरवला होता. असल्या शिफारशींवर माझा विश्वास नसतो, पण येथे मी हरलो. उंच झाडांचे रान थेट वाळूपर्यंत येते आणि पुढे पिठासारखी पांढरी वाळू. घड्याळ आपलेच, पण बेट इतके पूर्वेला की हिवाळ्यात पाचच्या सुमारास सूर्य बुडतो. सौ.नी लुगड्याचा ओचा खोचला, गुडघाभर पाण्यात गेल्या आणि अर्धा तास काही बोलल्या नाहीत. तीस वर्षे मांडीवर सूप घेऊन वाकलेली ती पाठ मी त्या दिवशी सरळ पाहिली. शेवटी रक्षकाने शिट्टी वाजवून बाहेर काढले. मगरींच्या इशाऱ्याची पाटी तेथे उगीच लावलेली नाही. २०१० मध्ये एका परदेशी प्रवासी बाईंचा मगरीने जीव घेतला होता.

आता दुसरी बाजू. फोनवर फोटो पाहून ठरवलेली झोपडी ‘समुद्रासमोर’ होती. ती निघाली जनरेटरसमोर. वीज गेली की डिझेलचा धूर आणि घरघर. संध्याकाळी वाळूतल्या बारीक माश्या अशा चावल्या की पाय खाजवून रक्त निघाले. मालकाचे नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही.

जेवण वाढणारा पोरगा विशी-बाविशीचा. सकाळी सहाला चहा आणणारा तोच आणि रात्री अकराला भांडी उचलणाराही तोच. मला राहवेना. किती तास? सुट्टी? पावसाळ्यात काय? तो म्हणाला, पावसाळ्यात गिऱ्हाईक नसते, मालक घरी पाठवतो; पगार नाही. मी खिशातून वही काढली, तोच सौ. कडाडल्या, “अहो, इथं तरी युनियन बाजूला ठेवा! माझ्या पैशानं आलेय मी.” मी वही मिटली. त्या रात्री आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

पण पोरगाच दुसऱ्या दिवशी बोलला. तो ‘रांचीवाला’. छोटानागपूरच्या आदिवासींना १९१८ पासून अंदमानात जंगलतोडीला आणले गेले, त्यांच्यापैकी त्याचा पणजोबा. मंडळी, हे नीट ऐका. झाडे तोडली यांनी, रस्ते केले यांनी. निर्वासितांना सरकारने जमिनी दिल्या, आणि त्या दिल्या ते योग्यच झाले, घरदार गमावून आलेली माणसे ती. पण रांचीवाल्यांना मजूर म्हणून आणले आणि मजूर म्हणूनच धरले. झारखंडात जो आदिवासी म्हणून गणला जातो, त्याला अंदमानात तो दाखला मिळत नाही.

लाकूड ओढायला हत्तीही आणले होते. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोडीवर कडक बंधने घातली आणि हत्ती बेकार झाले. त्यांतला राजन याच बेटावर पाहुण्यांना पोहून दाखवी. २०१६ मध्ये तो गेला. बेकार हत्तीची छायाचित्रे जगभर गेली. बेकार माणसाचे छायाचित्र कोण काढतो?

मात्र पाहुणे नकोत, असे मी म्हणणार नाही. शेजारच्या बंगाली आजीबाईंनी मला गप्प केले. त्यांनी नारळाच्या बागेतला तुकडा उपाहारगृहाला भाड्याने दिला होता. म्हणाल्या, “आम्ही आलो तेव्हा नुसतं जंगल. आता रस्ता आहे, फोन आहे, नातू इथंच कमावतो.” फोनचे खरेच, २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून आलेली तार या बेटापर्यंत पोचली. पण डिसेंबर २०१६ च्या वादळात हजारावर प्रवासी अडकले आणि नौदलाची जहाजे धाडावी लागली, त्याची आठवणही त्यांनीच काढली. “पाहुण्यांना न्यायला जहाजं आली,” एवढे म्हणून त्या सुपारी कातरू लागल्या.

निघायच्या दिवशी सौ. सकाळीच नाहीशा झाल्या. पाहतो तो तीन नंबरच्या बाजारातून शंभर पानी वही आणून त्या पोराजवळ बसल्या होत्या. कारखान्यात ‘छाट’ म्हणून चांगल्या बिड्या बाजूला काढत, तेव्हा ही बाई रोजचा हिशेब स्वतःच्या वहीत लिही आणि महिनाअखेर कारकुनापुढे आपटी. तीच विद्या चालली होती. तारीख, आलो किती वाजता, गेलो किती वाजता, उचल किती. पट्टीने रेघा मारून देत होत्या. मी म्हणालो, “बोट चुकेल.” त्या म्हणाल्या, “थांबा हो, एवढं पान होऊ द्या.”

गेल्या महिन्यात त्याने वहीच्या पानाचा फोटो धाडला. सत्तावीस दिवस भरले होते. सौ.नी चष्मा लावून बेरीज तपासली आणि एका ठिकाणी चूक काढली.