रुग्णाच्या उशाशी



बनशंकरीच्या देवळात राहुकाळी लिंबाच्या सालीत दिवे लावणाऱ्यांची गर्दी होते. घरच्या आजाऱ्यासाठी साकडे घालणारे त्यांत पुष्कळ असतात. देवळापासून फार दूर नाही असे जयदेव हृद्रोग रुग्णालय. त्याच भागात निमहान्स आणि किदवाई कर्करोग संस्था. बेळगाव, निपाणी, खानापूरकडून उपचारांसाठी येणाऱ्या मराठी माणसाला येथे औषध मिळते. परंतु परभाषेच्या गावात, "काल झोप लागली का?" असे त्याच्या भाषेत विचारणारा कोणी भेटेलच, याची खात्री नसते.

एवढ्याशा विचारपुशीने काय साधते, असा प्रश्न कोणास पडेल. त्याला वर्ध्याजवळच्या सेवाग्रामातील एक हकिगत उत्तर देते.

परचुरे शास्त्री हे संस्कृतचे व्यासंगी पंडित. १९३२ च्या सुमारास ते येरवड्याच्या तुरुंगात होते आणि त्यांना कुष्ठरोग जडला होता. गांधीजीही त्याच तुरुंगात होते. पण शास्त्रीजींना वेगळे ठेवलेले असल्यामुळे दोघांचा संवाद पत्रांवर चाले. पुढे रोग बळावला आणि शास्त्रीजी सेवाग्रामला आले. कुष्ठरोग्याची सावलीही टाळण्याचे ते दिवस. आश्रमात इतरही माणसे होती, मुले होती. निर्णय सोपा नव्हता. तरीही गांधीजींनी त्यांना ठेवून घेतले, आपल्या कुटीजवळ झोपडी दिली आणि स्वतःच्या हातांनी ते त्यांच्या अंगाला मालिश करू लागले.

त्या काळी या रोगावर खात्रीचा इलाज नव्हता. आज तो औषधांनी पूर्ण बरा होतो. मालिशने रोग हटणार नाही, हे दोघांनाही ठाऊक असणार. पण ज्या देहाला कोणी शिवत नव्हते, त्याला रोज एक हात लागत होता, आणि शेजारी बसून कोणी बोलत होते. शिवाय शास्त्रीजींची विद्या आश्रमाने वाया जाऊ दिली नाही. ते तेथे संस्कृत शिकवीत. सेवेहूनही ही गोष्ट मोठी म्हणावी लागेल. रुग्णाला दया पुष्कळ मिळते, त्याच्याकडे काही मागायला मात्र कोणी येत नाही. पुढे शास्त्रीजी मनोहर दिवाण यांनी १९३६ साली स्थापन केलेल्या दत्तपूरच्या कुष्ठधामात राहिले आणि १९४५ साली तेथेच निवर्तले. ते बरे झाले नाहीत, हे येथे लपवण्याचे कारण नाही.

आपल्याकडे समाचाराला जाण्याची रीत चांगली आहे. समाचार घेण्याची रीत मात्र तपासावी लागेल. खाटेवरचा माणूस ऐकत असतानाच त्याची प्रकृती नातलगांना विचारली जाते. याच दुखण्याने दुसरे कोणी कसे गेले, तेही रंगवून सांगितले जाते. शहाळी, मोसंबी उशाशी साचतात. बोलणे जेमतेम पाच मिनिटांचे.

वर्गातील एखादा मुलगा दीर्घकाळ आजारी पडला, तर त्याचे बाक रिकामे दिसते आणि काही दिवसांनी त्याची सवय होते. शनिवारी त्याच्या घरी वही घेऊन जाणारा सोबती झालेला अभ्यास उतरवून देतोच. पण तो मुलगा गणितात हुशार असेल, तर एखादे अडलेले गणितही त्याच्यापुढे ठेवता येते. तो उशीला टेकून बसेल, पेन्सिल मागेल.