लहान क्रियापदांचा कारभार

नागपुराहून वर्धा रस्त्यानें दक्षिणेस निघालें म्हणजे सोनेगांवच्या विमानतळाला लागून मिहान नांवाचा विस्तीर्ण मुलूख पसरलेला दिसतो. हें नांव इंग्रजी आद्याक्षरांचें. पण ‘मिहानांत’, ‘मिहानचा’ असे प्रत्यय लागून तो शब्द आतां मराठीच झाला आहे. आसपासच्या गांवांत त्याच्यासंबंधीं दोन वाक्यें वारंवार कानीं येतात. ‘जमीन मिहानमध्यें गेली’ हें पहिलें, आणि ‘पोरगा मिहानमध्यें लागला’ हें दुसरें. जाणें आणि लागणें हीं क्रियापदें बोबडें बोलणाऱ्या मुलासहि येतात. तरी पहिल्या वाक्यांत खापरी, तेल्हारा, दहेगांव, कलकुही, शिवणगांव येथल्या शेतकऱ्यांचा मोबदल्याचा व पुनर्वसनाचा अनेक वर्षांचा झगडा सांठलेला आहे, आणि दुसऱ्यांत त्याच घरांची पुढली आशा. सरकारी कागद ‘गेली’ म्हणत नाहीं. तो ‘संपादित केली’ म्हणतो. इंग्रजींत हेंच ‘टेक ओव्हर’. ज्याच्या हातून वस्तु सुटते त्याला ती जातांना दिसते. ज्याच्या हातीं पडते त्याला ती घेतलेली दिसते.

आतां हा जो ‘लागलेला’ तरुण, त्याच्याकडे पाहावें. टाटा कन्सल्टन्सी, एच.सी.एल., इन्फोसिस अशा कंपन्यांच्या कचेऱ्या मिहानांत आहेत, आणि त्यांचें गिऱ्हाईक पुष्कळदां परदेशांतलें असतें. विदर्भांतल्या एखाद्या तालुक्याच्या गांवीं शिकून आलेल्या या तरुणाला लांबलचक इंग्रजी शब्दांची भीति वाटत नाहीं. ते पुस्तकांत भेटलेले असतात, आणि कोशांत पाहिले कीं एका अर्थावर स्वस्थ बसतात. छळतात ते टेक, पुट, गेट, सेट, रन हे चिमुकले शब्द. ‘टेक’ म्हणजे घेणें आणि ‘ऑफ’ म्हणजे वरून दूर, हें त्याला ठाऊक आहे. पण दोघे एकत्र आले कीं अंगांतला सदरा उतरतो, विमान उडतें, धंदा भरभराटीस येतो आणि एखाद्याची नक्कलहि होते. ‘टेक इन’ म्हणजे आश्रय देणें, आणि फसविणेंहि. ‘टेक आफ्टर’ म्हणजे आईवर किंवा बापावर जाणें. ‘टेक टु’ म्हणजे लळा लागणें. ‘टेक डाऊन’ तर विशेष घातक. बैठकींत तें ‘लिहून घ्या’ असें सांगतें, आणि संगणकाच्या यंत्रणेविषयीं असेल तर ‘बंद करा’ असें. मध्यरात्रीं दूरध्वनीवरून आलेल्या सूचनेंत हा अर्थ चुकला, तर सकाळीं कोणाला तरी जाब द्यावा लागतो.

यांत त्या तरुणाची मति मंद आहे असें मुळींच नाहीं. डॉ. सॅम्युएल जॉन्सननें १७५५ मध्यें आपला इंग्रजी कोश प्रसिद्ध केला, तेव्हांच प्रस्तावनेंत या जोड्या परकीयांना सर्वांत अवघड जातात असें नमूद करून ठेवलें आहे. त्यांना ‘फ्रेझल व्हर्ब’ हें नांव मिळालें तें बऱ्याच उशीरां. हेन्री ब्रॅडली या कोशकारानें तें सुचविलें आणि लोगन पिअर्सल स्मिथनें १९२५ मध्यें आपल्या ग्रंथांत वापरलें. ऑक्सफर्डच्या कोशकारांनीं अलीकडे नुसत्या ‘रन’ या क्रियापदाचे ६४५ अर्थ मोजले आहेत. क्रियापद जितकें लहान, तितका त्याचा संसार मोठा!

पण मराठी माणसानें याचें फार आश्चर्य करूं नये. भूक लागते, ठेंच लागते, पत्ता लागतो, लग्न लागतें, नाद लागतो, वाट लागते आणि डोळाहि लागतो. शेवटच्या दोहोंचा शब्दशः अर्थ करूं पाहणाऱ्या परकीयाची काय गति होत असेल! १८३१ सालीं प्रथम निघालेल्या मोल्सवर्थच्या कोशांत ‘लागणें’च्या अर्थांची लांबलचक यादी द्यावी लागली, आणि ‘द्यावी लागली’ यांतलें लागणें आणखी निराळेंच. नागपुरास तर राहणें या क्रियापदावर जास्तीचा बोजा आहे. ‘पाऊस येऊन राहिला’ म्हणजे पाऊस येत आहे, हें पुणेकरास समजावून सांगावें लागतें. भेद इतकाच, कीं ‘लागणें’चा अर्थ पुढें बसलेल्या नामावरून उमगतो, आणि इंग्रजी जोडीचा अर्थ मागें लोंबणाऱ्या इवल्याशा अव्ययावर अवलंबून असतो. नाम ठळक उच्चारलें जातें. अव्यय घाईच्या बोलण्यांत निम्मेंअधिक गिळलें जातें.

याहून जवळचा दाखला संस्कृतांत सांपडतो. ‘हृ’ धातूचा अर्थ नेणें, हरण करणें. म्हणजे ‘टेक’चा तो भाऊबंदच. त्याला ‘आ’ जोडला कीं आहार होतो, ‘वि’नें विहार, ‘प्र’नें प्रहार, ‘सम्’नें संहार, ‘परि’नें परिहार. पानावर बसलेला मराठी गृहस्थ आपल्या आहारांत ‘हरण’ शोधीत बसत नाहीं. त्याला तो शब्द अखंड मिळाला आणि अखंडच तो वापरतो. इंग्रजींतला प्रकार हाच, फक्त उपसर्ग शेपटीला गेला आहे आणि छापतांना मध्यें जागा सोडली जाते. ती मोकळी जागाच सारा घोटाळा करते. शिकणारा दोन तुकड्यांची बेरीज करूं लागतो आणि ती कधीं जमत नाहीं. ‘टेक’च्या खालीं पंचवीस जोड्या लिहवून त्या पाठ करविण्याची जी रीत आहे ती म्हणूनच उलटी आहे. आहार, संहार आणि परिहार एकाच सकाळीं शिकविल्यास मराठी मुलाचीहि अशीच त्रेधा उडेल. जोडी वाक्यांतून, प्रसंगांतून, एकटी भेटावी. मग ती एक शब्द म्हणून जिभेवर बसते.

कांहीं जोड्यांना आपल्या लोकांनीं स्वतःचा अर्थहि दिला आहे. नागपूर १९५६ पर्यंत राजधानीचें शहर होतें, आणि कचेऱ्यांतून ‘पुट अप’ याचा अर्थ फाईल वरिष्ठांपुढें ठेवणें असाच होत आला. इंग्लंडांत त्याच शब्दांनीं पाहुण्याच्या मुक्कामाची सोय होते, आणि पाठीमागें ‘विथ’ आला तर मुकाट्यानें सोसणें असा अर्थ निघतो. मिहानांतल्या परदेशी पत्रव्यवहारांत जुन्या कचेरीचा ‘पुट अप’ डोकावला, तर पलीकडचा मनुष्य थोडा वेळ विचारांत पडणारच.

विमानतळावर मात्र हा प्रश्न विनोदाचा राहत नाहीं. नागपूरचा आणि विमानांचा संबंध जुना आहे. १९४९ च्या जानेवारींत रात्रीची टपालसेवा सुरू झाली, तेव्हां मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघालेलीं विमानें मध्यरात्रीं सोनेगांवीं एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि परत फिरत. विमानांच्या या जगांत ‘टेक ऑफ’ हा शब्द किती महाग पडूं शकतो, हें २७ मार्च १९७७ रोजीं कॅनरी बेटांतल्या तेनेरिफ येथें दिसून आलें. धांवपट्टीवर दाट धुकें होतें. नियंत्रकानें एका डच विमानाला उड्डाणानंतरचा मार्ग सांगितला. त्या सांगण्यांत ‘टेक ऑफ’ हे शब्द आले होते. वैमानिकांनीं उलट कळविलें कीं आपण आतां ‘ॲट टेक ऑफ’ आहों. नियंत्रकानें त्याचा अर्थ घेतला, विमान उड्डाणाच्या जागीं उभें आहे. प्रत्यक्षांत तें धांवूं लागलें होतें. त्याच धांवपट्टीवर असलेल्या अमेरिकन विमानावर तें आदळलें आणि ५८३ माणसें मृत्यु पावलीं. धुकें, घाई, एकाच वेळीं बोलल्यामुळें रेडिओवर उठलेली शीळ, अशीं आणखीहि कारणें होतीं. पण त्या दोन शब्दांचा वांटा चौकशींत लपला नाहीं.

पुढें नियम झाले. आंतरराष्ट्रीय वाहतुकींतल्या वैमानिकांना व नियंत्रकांना २००८ पासून इंग्रजीच्या सहा पायऱ्यांपैकीं निदान चौथी गांठावी लागते. आणि ‘टेक ऑफ’ हे शब्द उड्डाणाची परवानगी देतांना किंवा ती रद्द करतांनाच उच्चारावयाचे, अन्यत्र नाहीं, असा संकेत ठरला. तेव्हां सोनेगांवच्या मनोऱ्यांतून एखाद्या विमानास थांबावयास सांगावयाचें असेल, तर नियंत्रक ‘टेक ऑफ’चें नांव घेत नाहीं, तो ‘डिपार्चर’ म्हणतो.