सैनिकाचं म्हातारपण आणि सांभाळाचा खर्च

सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या डाईंग-प्रिंटिंग मिलमध्ये राबणारी कितीतरी मराठी घरं जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेली आहेत. मुलगा कमवायला सुरतेला आणि आईबाप गावी, अशी वर्षं जातात. मग बाप थकतो आणि तोही इथल्या एका खोलीत मुक्कामाला येतो. काही घरांत हा बाप फौजेतून निवृत्त झालेला असतो. 1971च्या युद्धात जो जवान विशीत होता, तो आज पंचाहत्तरीच्या घरात आहे. त्याला पेन्शन आहे, दवाखान्याचं कार्डही आहे. पण मुलगा बारा तासांच्या पाळीला गेला, सून घरातच साड्यांना टिकल्या लावत पैसे जोडतेय, अशा वेळी अर्धांगवायूनं पडलेल्या म्हाताऱ्याला उठवायचं, न्हाऊ घालायचं, रात्री कूस बदलून द्यायची कुणी? सरकारनं माजी सैनिकाच्या उपचाराची सोय केली, सांभाळाची केली नाही. ती करायला नवी योजना काढायचीही गरज नाही. हातात असलेला एक भत्ता मोकळा केला तरी पुरे.

माजी सैनिकांची अंशदायी आरोग्य योजना, जिला सगळे ईसीएचएस म्हणतात, ती 1 एप्रिल 2003 रोजी सुरू झाली. पॉलिक्लिनिकमधून चिठ्ठी घेऊन संलग्न रुग्णालयात उपचार होतात. पत्नी आणि अवलंबून असलेले आईवडीलही तिच्यात येतात. ही मोठी सोय आहे. पण रुग्णालयानं घरी सोडलं की पुढचा, रोजचा भार घरावर येतो. या भारासाठी सैन्याच्या पेन्शन-नियमांत ‘कॉन्स्टंट अटेंडन्स अलाउन्स’ म्हणजे कायम सोबतीला माणूस ठेवण्याचा भत्ता आहे. 2017 साली तो महिना 6,750 रुपये झाला. मात्र तो मिळतो शंभर टक्के अपंगत्वाचं पेन्शन असलेल्याला, आणि ते अपंगत्व नोकरीमुळे आलेलं किंवा नोकरीत बळावलेलं असावं लागतं. सत्तरीत अंथरुणाला खिळलेला जवान या व्याख्येत बसत नाही. अमेरिकेतली अशीच मदत, ‘एड अँड अटेंडन्स’, युद्धकाळात सेवा केलेल्या गरजू माजी सैनिकाला आणि त्याच्या विधवेला मिळते, आणि तिथे आजार नोकरीतूनच आला का, असं विचारत नाहीत. रोजच्या कामांना दुसऱ्याचा हात लागतो का, एवढं पाहतात, शिवाय उत्पन्न. आपणही हीच कसोटी घ्यावी, असं माझं म्हणणं आहे.

यावर कुणी म्हणेल, ऐंशीनंतर पेन्शन वाढतंच की. वाढतं, हे खरं: ऐंशीला वीस टक्के, पंच्याऐंशीला तीस, नव्वदीला चाळीस. पण किमान पेन्शन 9,000 धरलं तर वीस टक्के म्हणजे 1,800 रुपये, दिवसाला साठ. वर महागाई भत्ता धरला तरी त्यात सुरतेत दिवसभर कोण थांबेल? आणि शरीर ऐंशीची वाट पाहत नाही. दुसरा आक्षेप, सांभाळ हे मुलांचं कर्तव्य आहे. आहेच, आईवडिलांच्या निर्वाहाचा 2007चा कायदाही तेच सांगतो. पण पाळी चुकवली की मजुरी बुडते, आणि बापाजवळ थांबण्यासाठी घरानं पोटाला चिमटा घ्यावा, असं त्या कायद्याला अपेक्षित नसावं. तिसरा आक्षेप मला खरा बोचतो. शेजारच्या म्हाताऱ्या मिल-कामगाराला भविष्यनिर्वाह निधीचं किमान पेन्शन हजार रुपये आहे. मग सैनिकालाच जास्त का? जवानाला ऐन तारुण्यात, पस्तिशी-चाळिशीत, घरी पाठवलं जातं. त्याचं सगळं म्हातारपण त्या लवकर थांबलेल्या पगारावर उभं असतं. आणि एकदा ‘आजार कशामुळे’ ऐवजी ‘गरज किती’ ही कसोटी सरकारनं मान्य केली, की तीच कसोटी त्या कामगारासाठी मागता येईल.

तोवर जे आहे ते तरी पदरात पडावं. ज्याला पेन्शनच नाही, अशा पासष्ट ओलांडलेल्या, हवालदार किंवा त्याखालच्या हुद्द्याच्या गरजू माजी सैनिकाला किंवा त्याच्या विधवेला संरक्षण मंत्र्यांच्या कल्याण निधीतून तहहयात मदत मिळते. 1 नोव्हेंबर 2025 पासूनच्या अर्जांना ती महिना चार हजारांवरून आठ हजार झाली. चौकशी जिल्हा सैनिक कार्यालयात करायची. सत्तरी पार केलेल्यांनी आयुष्मान वय वंदना कार्ड काढताना जपावं: ईसीएचएस असेल तर दोन्हींतली एकच योजना निवडावी लागते. आणि आईच्या कुटुंब-पेन्शनचा आदेश आजच काढून पाहा. त्यात तिची जन्मतारीख नोंदलेली नसेल, तर ऐंशी उलटूनही तिची वाढ अडून राहते.