हिवाळ्यातील कोरडी हवा आणि गावाचे दप्तर



चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांत कागद जपावयाचा म्हटले, की वाळवी आणि पावसाळ्यातील बुरशी आठवते. हिवाळ्यातील कोरड्या हवेकडे मात्र सहसा लक्ष जात नाही.

येथे जुन्या दप्तराचे मोल आजच्या व्यवहारातही आहे. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी स्वतंत्र झाला. त्यापूर्वीचे गावनकाशे व बंदोबस्ताचे अहवाल चांदा अथवा चंद्रपूर जिल्ह्याच्या नावाचे आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील दाव्यांत असे अभिलेख पुरावा ठरतात. २००९ मध्ये मेंढा (लेखा) या गावास सुमारे १,८०० हेक्टर वनक्षेत्रावर सामूहिक हक्क मिळाला. अन्य एखाद्या गावाचा दावा उभा राहताना नकाशा घडीवरच तुटला, तर शिवेची रेषाच हरवते.

हे घडते कसे? हवा तापली, की तिची बाष्प धारण करण्याची शक्ती वाढते. पहाटे १० अंशांवर ८० टक्के आर्द्रता असलेली हवा २८ अंशांपर्यंत तापल्यास, बाष्प तेवढेच राहूनही आर्द्रता ३० टक्क्यांखाली येते. खोलीत शेगडी अथवा हीटर असेल, तर हेच अधिक वेगाने होते. कागद आखडतो, खळ सुटते; कापडावर चिकटविलेल्या नकाशात कापड व कागद कमीअधिक आकसून पापुद्रे निघतात.

म्हणून प्रथम मोजमाप करावे. दप्तराच्या खोलीत आर्द्रतामापक टांगून सकाळी आठ व दुपारी तीन वाजता नोंद घ्यावी. यंत्राची परीक्षा सोपी आहे: ओलसर मिठाच्या वाटीसह ते बंद बरणीत दिवसभर ठेवावे, ७५ टक्क्यांच्या आसपास आकडा दिसला पाहिजे. शाळेतील मुलांसही हा प्रयोग करता येईल.

कागदास साधारणतः ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. आकडा त्याखाली गेल्यास शेगडी बाहेर काढावी, दुपारी खिडक्या लावून घ्याव्यात व कपाटांपासून दूर रुंद परातीत पाणी ठेवावे. आकडा ६० वर जाताच परात उचलावी, अन्यथा बुरशीस निमंत्रण मिळेल. कागदावर पाणी कधीही शिंपडू नये. ताठरलेला नकाशा बळाने उलगडू नये. आर्द्रता सावरेपर्यंत तो तसाच राहू द्यावा.

एक मापक, एक परात आणि एक नोंदवही, एवढ्या साधनांवर ग्रामपंचायतीस येत्या हिवाळ्यापासूनच हे काम सुरू करता येईल.