बाकी नेहमीप्रमाणे



आजीची पदार्थांची वही माझ्याकडे आली तेव्हा तिची शिवण सुटली होती आणि पानांच्या कडा तुपाने पारदर्शक झाल्या होत्या. तिच्यात धोंडस या काकडीच्या गोड पदार्थाच्या पानावर एवढंच लिहिलं आहे: 'कणी एक मापटे, तवसे मोठे, नारळ एक, गूळ अंदाजाने. बाकी नेहमीप्रमाणे.' आज मी बोलणार आहे ते या शेवटच्या दोन शब्दांबद्दल. आजी गेली आणि ते 'नेहमी' तिच्याबरोबर गेलं. ते परत मिळवायला मला चार पावसाळे लागले.

ही वही सापडण्याआधी तर मला पदार्थाचं नावही आठवत नव्हतं. आठवत होतं ते असं: गणपतीचे दिवस, राजापूरकडचं घर, पिवळसर जाड वडी, वरून तांबूस, जवळजवळ करपलेली, आणि खालच्या बाजूला केळीच्या पानाच्या शिरांचे ठसे. आई म्हणाली, ते सांदण असणार. काका म्हणाले, खांडवी. दोघांनीही अगदी छातीठोकपणे सांगितलं. पण सांदण वाफवतात, त्याला वरून तांबूस खरपुडी धरत नाही. शिवाय ते फणसाचं, म्हणजे मे-जूनचं. खांडवी शिजवून ताटात थापतात, तिच्या वडीला पानाचा ठसा असा उमटत नाही. म्हणजे नावांनी मला भलतीकडे नेलं असतं. महिन्याने आणि भांड्याने वाटेवर आणलं. तेव्हापासून कुणी हरवलेला पदार्थ शोधायला निघालं की मी सांगते, 'काय म्हणायचे त्याला?' हे सर्वांत शेवटी विचारा. आधी विचारा की तो कोणत्या दिवसांत व्हायचा, कशात व्हायचा, चुलीवर की वैलावर, आणि तो होत असताना तुम्हाला स्वयंपाकघरातून बाहेर घालवायचे की आत बसू द्यायचे. नाव तर गावागणिक बदलतं. रत्नागिरीकडचं धोंडस खाली सिंधुदुर्ग-गोव्याकडे गेलं की तवसळी होतं. जो एका नावाला धरून बसेल त्याला दुसऱ्या नावाखाली समोर आलेला पदार्थ ओळखू यायचा नाही.

आता मापांबद्दल. आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला आणि ऑक्टोबर १९५८ पासून ती वजनं टप्प्याटप्प्याने बाजारात आली. घरातली जुनी भांडी हळूहळू भंगारात गेली. आज वहीतलं 'मापटे' वाचून नातीला काही कळत नाही. दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. ही साखळी ध्यानात असेल तर निदान प्रमाण लागतं. वजनाच्या शेराचं तर आणखी अवघड. पक्का शेर ऐंशी तोळ्यांचा, मुंबईचा जुना शेर अठ्ठावीस तोळ्यांचा. एखाद्या वहीत 'शेरभर साखर' असेल तर ती वही लिहिणारी बाई कुठे नांदत होती हे आधी शोधावं लागतं, नाहीतर पदार्थ दुपटीहून अधिक गोड व्हायचा. 'रुपयाभार' लिहिलं असेल तर मात्र हायसं वाटतं, कारण रुपयाभार म्हणजे एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. आमच्या शेजारच्या घरात माळ्यावर एक पितळी मापटं निघालं. त्यात कणी शिगोशीग भरून मी वाटीने मोजली. तीन वाट्या झाल्या. त्या दिवशी मला झालेला आनंद मी आजही विसरलेले नाही.

छापील पुस्तकं मदतीला येतात, नाही असं नाही. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र' १८७५ सालचं. लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणी-मित्र' १९१० सालचं, हजार पाकक्रियांचं. पुढे १९७० साली कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' आली आणि तिने वाटी-चमच्याचं माप दिलं. माहेरापासून दूर, परगावी संसार मांडलेल्या मुलींना त्या वाटीने केवढा आधार दिला, हे आपल्यापैकी अनेकींनी अनुभवलं असेल. पण मांड्यांचं बघा. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 'मानसोल्लास' रचला, त्यात मांडे आहेत, मंडक या नावाने. म्हणजे जवळजवळ नऊशे वर्षं ते लिहिलेले आहेत. तरी तो मजकूर वाचून कुणाला मांडा करता येईल का? हातावर फिरवत फिरवत तो कोपरापर्यंत वाढवायचा आणि तापलेल्या पालथ्या खापरावर टाकायचा, हे खानदेशात बाई बाईकडून बघून शिकली, म्हणून मांडे टिकले.

आणि सगळ्यांच्या वह्या तरी कुठे आहेत? वही असते ती जिथे बाईला अक्षरओळख होती आणि लिहायला सवड होती अशा घरात. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' वाचताना मला हे फार लागलं. मराठवाड्यातल्या दलित घरांतल्या चान्या, रक्ती, मांसाच्या एकेका तुकड्याला असलेलं नाव, हे सगळं एका माणसाने आठवून, विचारून लिहून काढेपर्यंत आपल्या पाकपुस्तकांना त्याचा पत्ताच नव्हता. हरवलेल्या चवींचा शोध आपण फक्त तुपाचे डाग पडलेल्या वह्यांमध्ये घेतला, तर निम्म्याहून अधिक महाराष्ट्र त्यातून वगळला जाईल. ज्यांच्याकडे वही नाही त्यांच्याकडे आधी जायला हवं, कारण तिथे माणूस गेलं की मागे एक ओळदेखील उरत नाही.

मग माणसाकडून काढून कसं घ्यायचं? माझी आत्या तेव्हा चौऱ्याऐंशीची होती. धोंडस तिने आजीच्या हाताखाली शंभरदा केलं असेल. मी वही-पेन घेऊन तिच्यापुढे बसले. एकदा नाही, पाच वेळा. दर वेळी उत्तर एकच: 'त्यात सांगायचं काय? कणी भाजायची, तवसं किसायचं, घालायचं.' ती टाळत नव्हती. जे हात करतात ते तिच्या जिभेवर कधी आलेलंच नव्हतं. सहाव्या खेपेला मी वही बाजूला ठेवली आणि तिच्या खाटेशेजारी पाट मांडून करायलाच बसले. काकडी किसली आणि माझ्या समजुतीप्रमाणे घट्ट पिळायला घेतली. तशी ती ताडकन उठून बसली.

'अगो, ते पाणी कुठे ओततेस?'

तिथे सगळं उलगडलं. धोंडसात वेगळं पाणी घालायचंच नसतं. कणी भिजते ती तवशाच्या पाण्यात, फुगते ती त्यातच. मी तीन पावसाळे पाणी फेकून देऊन वर दूध घालत होते. आणि त्यानंतर आत्या थांबेना. ही काकडी चालायची नाही, ही कोशिंबिरीची. मांडवावरचं जून, पिवळं पडलेलं तवसं हवं, आतल्या बिया काढून. कणी बाजारच्या रव्याची नव्हे. तांदूळ धुऊन सावलीत वाळवून जात्यावर भरड काढायची. भाजताना रंगाकडे बघू नको, आवाज ऐक. उलथन्याखाली वाळूसारखी वाजली की उतरव. गूळ घातला की सैल होईल, घाबरू नको. चिमूट नव्हे, चांगलं मीठ घाल. जायफळ शेवटी. पातेल्याला केळीचं पान, वर झाकणावर करवंट्यांचे निखारे, खाली आच मंद.

सांगायला सांगितलं तर जे एक वाक्यही येत नव्हतं, ते चूक डोळ्यांपुढे होताना धाडधाड आलं. मी पुढे दुसऱ्या पदार्थांच्या बाबतीतही हेच केलं आहे आणि माझा अनुभव असा की म्हाताऱ्या माणसाला विचारू नये, त्याच्यासमोर करावं. चुकलं तर उत्तमच. मात्र मुद्दाम चुकू नये. त्यांना ते कळतं आणि मग बोलणं थांबतं.

एक गोष्ट मला आग्रहाने मांडायची आहे. 'लहानपणची चव पुन्हा येत नाही' असं आपण फार लवकर म्हणून टाकतो. आजीचा हात, ती भूक, ते दिवस, असं म्हणून उसासा टाकला की शोध संपला. मला हे मान्य नाही. तीन पावसाळे माझं धोंडस गिच्च होत होतं, खालून चिकट, वरून फिकं, आणि घरातले सगळे मला समजावत होते की हा आठवणींचा खेळ आहे. तो खेळ नव्हता. काकडी चुकीची होती, पाणी चुकीचं होतं आणि वरून आच नव्हती. गॅसवर फक्त खालून धग मिळते. झाकणावरच्या निखाऱ्यांचं काम आता ओव्हन करतो, १८० अंशांवर पाऊण-एक तास. आधी तांदळावर संशय घ्या, मग भांड्यावर, मग विस्तवावर. हे सगळं तपासून झाल्यावरही काही उणं वाटलं, तर खुशाल बालपणाला दोष द्या.

चौथ्या पावसाळ्यात धोंडस झालं. आत्याने कडेचा तुकडा मोडून घेतला, बराच वेळ चघळला आणि म्हणाली, 'तुझी आजी हळदीचं पान घालायची गो वरून.' केळीचं खाली, हळदीचं वर. वहीत नाही, आईला ठाऊक नाही, आत्यालाही तो घास तोंडात जाईपर्यंत आठवलेलं नव्हतं. पुढच्या खेपेला मी पान घातलं आणि झाकण उघडल्याबरोबर जो वास आला त्याने मी ओट्याला धरून उभी राहिले. आजीच्या घराचा वास म्हणून मी जे आयुष्यभर सांगत आले होते, ते ते पान होतं.

त्या वहीत आता मी धोंडसाच्या पानासमोर सगळं लिहून ठेवलं आहे, वाटीच्या मापात, आणि चुका काय काय झाल्या तेही. पण पुढच्या पानावर आजीच्या अक्षरात एकच ओळ आहे: 'आठळ्यांचे ते. मोठ्या काकू करीत तसे.' मोठ्या काकू कुणालाच आठवत नाहीत. 'ते' म्हणजे गोड की तिखट, हेही कळत नाही. गेल्या उन्हाळ्यात वाळवलेल्या आठळ्या मी आज बरोबर आणल्या आहेत. व्याख्यानानंतर मी इथेच, मंचाच्या डाव्या बाजूला बसणार आहे. राजापूर, लांजा, देवगड या पट्ट्यातलं कुणी आलं असेल, आणि घरी आठळ्यांचं काही होत असल्याचं अंधुक जरी आठवत असेल, तर नाव आठवलं नाही तरी चालेल, जरा थांबा.