दोरीचा डोळा

झाडावर चढून फांद्या उतरवणं हा युरोप-अमेरिकेत रीतसर शिकून करायचा व्यवसाय आहे. ही माणसं जाड दोराला लोंबकळतात खरी. पण दोरावर त्यांना धरून ठेवते ती आठ-दहा मिलिमीटर जाडीच्या एका छोट्या दोरीची गाठ. भार आला की ती आवळते, वरून दाबली की सरकते. सह्याद्रीत कडे चढणाऱ्यांना 'प्रुसिक' ठाऊक असेल. ऑस्ट्रियाच्या कार्ल प्रुसिक यांनी ती १९३१ साली प्रसिद्ध केली. ही तिचीच भावंडं.

कॅराबिनर अडकवण्यासाठी या दोरीच्या दोन्ही टोकांना डोळे लागतात. टोकाला गाठ मारावी, यंत्रावर शिवून घ्यावं किंवा टोक दोरीच्याच पोटात परत ओवावं. या ओवण्याला स्प्लाइस म्हणतात.

घेणारा आधी विचारतो, यातला मजबूत कुठला? गाठीने दोरीची पाव हिस्सा ताकद जाते, कधी जास्तही. चांगल्या स्प्लाइसमध्ये फारच थोडी. पण मला हा प्रश्नच अपुरा वाटतो. अमेरिकेतलं सुरक्षा-मानक अशा दोरीकडून ५,४०० पाउंड, म्हणजे सुमारे २,४५० किलो मजबुती मागतं. माणूस असतो सत्तर-ऐंशी किलोचा! खरी भीती दोरी तुटण्याची नाही, गाठ न धरण्याची आहे. डायनीमाचा धागा एवढा बळकट, पण दीडशे अंशांच्या आतच वितळतो. घसरत्या गाठीला तो चालत नाही. तिथे अरामिडसारखा उष्णता सोसणारा धागा हवा.

डोळ्याचंही तसंच. ओवलेल्या जागी दोरीत दोरी असते, त्यामुळे ती फुगते, ताठ होते. दोरी जेमतेम पाऊण मीटरची. दोन्हीकडचे ताठ गळे वजा केले, की वेढ्यांना मऊ भाग उरतो किती? ताठ भाग वेढ्यात शिरला तर गाठ आवळत नाही आणि माणूस खाली घसरतो. यावर ओवण आखूड करणं हा तर जीवघेणा उपाय. टोक आतल्या आत निसटतं. त्यापेक्षा दोरी लांब घ्यावी, नाहीतर शिवलेला डोळा घ्यावा, त्याचा गळा आखूड असतो. डोळा कॅराबिनरला घट्ट बसणारा हवा. सैल असला तर कॅराबिनर आडवा फिरतो.

माझं मत विचाराल, तर नवख्याने टोकांना गाठी मारूनच सुरुवात करावी. लांबी कमीजास्त करता येते, खर्चही कमी. आपल्या हाताला मानवणारी लांबी सापडली, की त्या मापाचा स्प्लाइस जाणकाराकडून, दोरी बनवणाऱ्याच्या सूचनेबरहुकूम करून घ्यावा. ओवलेलं टोक बाहेरून दिसत नाही, तेव्हा गळ्याजवळचे टाके मात्र रोज चढण्याआधी बोटांनी चाचपून पाहावेत.